पूर्वी तर चालायचीस ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. लिफ्टपाशी, लग्नाच्या हॉलमध्ये, भांडुप स्टेशनबाहेर रिक्षात चढताना, गेली सात वर्षं एकच प्रश्न: ‘पूर्वी तर चालायचीस ना गं? मग आता काय झालं?’ त्यामागचं न बोललेलंही मला ऐकू येतं. व्यायाम सोडलास का?

सोडलेला नाही. मला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे. तीत मेंदूची इजा वाढत नाही, हे खरं. सातव्या महिन्यात जन्मले तेव्हा झाली, तेवढीच आहे. पण तिच्यामुळे आखडलेले स्नायू रात्रंदिवस हाडं ओढत राहतात. पस्तीस वर्षांत माझा उजवा खुबा जागेवरून सरकला. शिवाय आम्हाला चालायला इतरांपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते, आणि ती मी रोज भांडुप ते सीएसएमटी खर्च केली. अपंगांचा डबा होता. डब्यापर्यंत जिने होतेच. सीपी असलेल्या अनेकांचं चालणं ऐन तिशी-चाळिशीत कमी होतं. हे लहानपणी आम्हाला कुणी सांगितलं नाही. सगळी धडपड मूल चालावं म्हणून.

माझीही तीच. हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत व्यायामाला चाळिशीतल्या एक ताई व्हीलचेअरवरून यायच्या. मी तेव्हा 24 वर्षांची, पायांना आधाराचे कॅलिपर घालून का होईना, पण चालणारी. मनात म्हणायचे, हिनं आळस केला असणार. त्या मुलीला आज समोर बसवून दोन शब्द सुनवावेसे वाटतात.

2006 साली मी एका सरकारी बँकेत लागले, अपंगांसाठीच्या 1995 च्या कायद्यानं मिळालेल्या राखीव जागेवर. 2018 मध्ये व्हीलचेअर आली. कामात काही अडलं नाही. अडलं संडासात. दाराला उंबरठा, आत धरायला दांडी नाही. दोनदा लेखी अर्ज दिला. तोवर मी दिवसभर पाणी पिणं बंद केलं; लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला. मग आई रोज माझ्याबरोबर यायला लागली. वॉचमनशेजारच्या बाकावर पोथी वाचत बसायची, जेवणाच्या सुट्टीत मला संडासात न्यायला वर यायची.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी मला उठवताना तिच्या कमरेत चमक भरली आणि आम्ही दोघी खाली आलो. कडी आतून लावलेली. तिला हलता येईना, मला हात पोचेना. घाबरले की माझे पाय ताठ होतात. ते तसेच तिच्या पोटऱ्यांवर पडलेले, आणि मला काढून घेता येईनात. मी हाक मारायला तोंड उघडलं तर म्हणाली, ‘थांब.’ पडल्यापडल्या हात लांब करून तिनं आधी माझा कुर्ता ओढून पाय झाकले. पुरते झाकले जाईनात, तर स्वतःचा पदर सोडवून टाकला. मग म्हणाली, ‘आता मार हाक.’

दार तोडलं. शिपाई, कॅशियर, बाहेर रांगेतले दोघं. कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला. तो मी सबंध प्यायले, सकाळपासूनचं पहिलं पाणी.

आठवड्यानं राजीनामा दिला. अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा होता की, असं तुम्ही म्हणता. होता. सरकारी आस्थापनेनं अपंग कर्मचाऱ्याची सोय करून द्यायला हवी, असं त्यात आहे. अपंगांसाठीच्या आयुक्तांकडे तक्रार करता आली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी थकले होते. कधी वाटतं, हे कारण पुरेसं आहे. कधी वाटतं, मी माझ्यामागून येणाऱ्या मुलीची जागा सोडून आले.

आणि आईचं कुणीच विचारत नाही. 1986 मध्ये तिनं पालिकेच्या शाळेतली नोकरी सोडली, मला व्यायामाला न्यायला. पेन्शन तेव्हाच गेली. आता कमरेला पट्टा बांधून मला उचलते. घर चालतं ते बाबांच्या फंडाच्या व्याजावर आणि दुकानदारांची जीएसटीची कामं मी घरून करते त्यावर.

व्हीलचेअर आधी घेतली असती तर खुबा वाचला असता का? पण चालत होते म्हणूनच बँकेत टिकले, असंही वाटतं. दोन्ही बाजूंनी मीच भांडते.

डॉक्टर खुब्याचं ऑपरेशन सुचवतायत. त्यानंतरचे कित्येक आठवडे मला कुणी उचलायचं, ते ठरत नाही. तारीख घेतलेली नाही.