तो पंप तो नव्हताच

मी लाइव्ह साउंड करतो. म्हणजे परिसंवाद, मुलाखती, पुस्तक प्रकाशनं, अधूनमधून गाण्याचे कार्यक्रम, जे काम येईल ते. मुलाखतीचं काम आलं की आमच्या लाइनमधली पोरं नाक मुरडतात, दोन माइक लावायचे आणि दोन तास बसून राहायचं, त्यात दाखवण्यासारखं काय आहे म्हणतात. मला उलट तेच काम आवडतं. गाण्यात कीबोर्ड-ढोलकीच्या आड खूप काही लपून जातं, बोलण्यात काहीच लपत नाही, माणसाने आवंढा गिळला तरी शेवटच्या रांगेत जातो.

तर फोन आला की एका दिग्दर्शकाची जाहीर मुलाखत आहे, मध्ये त्यांच्या सिनेमांच्या क्लिप्स दाखवायच्या आहेत, साउंड तुम्ही करा. नाव ऐकल्यावर मी पैशांचं काहीच बोललो नाही, समोरच्यालाच विचारावं लागलं की साहेब रेट तरी सांगा. नाव इथे लिहीत नाही. ज्यांनी त्यांचे सिनेमे पाहिलेत ते पुढचं वाचून ओळखतील, बाकीच्यांचं नावावाचून काही अडणार नाही.

त्यांचा एक सीन आहे. दोन भाऊ घर विकण्यावरून भांडतायत. सुरुवातीला आपण खोलीत त्यांच्यासोबत असतो, सगळं ऐकू येत असतं आणि मग अचानक कॅमेरा घराबाहेर, लांब, खिडकीतून दोघं दिसतायत, हातवारे दिसतायत, तोंडं हलतायत पण शब्द एकही ऐकू येत नाही. ऐकू येतो फक्त कुठेतरी चाललेला पाण्याचा पंप. धाकटा उठून निघून जातो तरी पंप चालूच. हा सीन मी किती वेळा पाहिलाय त्याचा हिशोब नाही, कारण नवीन स्पीकर आला की मी तोच लावतो. त्या पंपाच्या आवाजात खाली एक घरघर आहे आणि वर एक बारीक शीळ आहे, दोन्ही वेगवेगळे ऐकू आले तर स्पीकर चांगला, नाहीतर परत. नात्यातला कोरडेपणा आणि मागे उपसलं जाणारं पाणी यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीयत, मीसुद्धा चार लोकांना हे ऐकवलंय, अगदी स्वतःलाच सुचल्यासारखं.

कार्यक्रम संध्याकाळी होता आणि ते दुपारीच साउंडचेकला आले. हे होत नाही हो. पाहुणे पहिली घंटा झाल्यावर येतात, चहा अर्धा टाकून स्टेजवर जातात आणि पहिलं वाक्य हेच की आवाज येतोय का. हे आले, खुर्ची कुठे आहे बघितली, आणि खुर्चीत न बसता शेवटच्या रांगेत जाऊन बसले. म्हणाले क्लिप लावा.

क्लिप लावली आणि संवाद गायब. म्युझिक येतंय, वातावरणाचे आवाज येतायत, माणसं मात्र विहिरीच्या तळाशी बसून बोलल्यासारखी. कारण साधं होतं, आयोजकांकडून आलेली फाइल ५.१ची, म्हणजे सहा वेगवेगळ्या चॅनलची होती. ५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या चॅनलमध्ये असतात, थिएटरमध्ये पडद्यामागे त्याचा वेगळा स्पीकर असतो. सभागृहात असतात फक्त डावा आणि उजवा, आणि लॅपटॉपने मधला चॅनल त्या दोघांत न मिसळता सरळ सोडून दिला होता. आयोजकांचा चेहरा पडला. सर मात्र हसत होते, म्हणाले, "असाच दाखवा, लोकांना वाटेल मी काहीतरी प्रयोग केलाय." मी स्टिरिओ मिक्स करून घेतला आणि परत लावला. आवाज किती ठेवायचा यावर मग बराच वेळ गेला कारण सिनेमा मिक्स होतो तो ८५ डेसिबलचा रेफरन्स, म्हणजे आवाजाची ठरलेली पातळी, लावलेल्या खोलीत आणि इथे डोक्यावर एसीचा घों घों. तेवढा आवाज दिला की सभागृहाचे पत्रे वाजायला लागतात, कमी केला की पंपाची शीळ एसीत बुडते. ते म्हणाले एसी बंद करता येईल का, मॅनेजर म्हणाला लोक उठून जातील, शेवटी असं ठरलं की त्या क्लिपपुरता ब्लोअर कमी करायचा. तेवढ्यासाठी मॅनेजर स्वतः पॅनलजवळ उभा राहिला, हे मला फार आवडलं.

माइकचं वेगळंच. मी हेडसेट काढला, तो गालापाशी येतो, तोंडाजवळ असल्यामुळे आवाज भरपूर मिळतो आणि फीडबॅकची, म्हणजे स्पीकर किंचाळायची, भीती कमी. ते म्हणाले, "हे लावून मी विमान चालवणार आहे का?" मग कॉलर माइक. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर बसतो, त्यामुळे गेन, म्हणजे माइकचा आवाज मोठा करणं, जास्त लागतो, आणि गेन वाढवला की समोरच्या स्पीकरचा आवाज परत त्यात शिरतो. त्यात यांना दाढी, आणि विचार करताना दाढी कुरवाळायची सवय. माझ्या हेडफोनमध्ये खर्रर्र खर्रर्र. सांगावं कसं या विचारात असताना त्यांनी स्वतःच माइक काढला, बटणपट्टीच्या आतून वायर घेतली, वायरीचा एक छोटा फास करून तो चिकटपट्टीने शर्टला आतून चिकटवला म्हणजे ओढ बसली तरी माइकपर्यंत पोचत नाही, आणि म्हणाले आता बघा. सेटवरचा रेकॉर्डिस्ट जसं करतो अगदी तसं. आवाज स्वच्छ.

मुलाखत सुरू झाली. सभागृह भरलेलं, पायऱ्यांवर पण लोक. मुलाखत घेणाऱ्या बाई अभ्यास करून आल्या होत्या, हातात कार्डं, प्रश्न चांगले होते पण एक गोष्ट होती, सर थांबले की त्या बोलायच्या. आणि सर खूप थांबायचे. प्रश्न झाला की आधी गप्प, मग अर्धं वाक्य, मग परत गप्प. त्या गप्प असण्यात बाईंना वाटायचं गाडी अडली, की लगेच पुढचा प्रश्न किंवा आधीच्याच प्रश्नाला मदत, म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का की... आणि सर पण सभ्य माणूस, हो म्हणायचे. पहिला अर्धा तास असाच गेला, प्रेरणा कुठून मिळते, नवोदितांना काय सांगाल, टाळ्या.

प्रेक्षकांना हे कळत नव्हतं, मला कळत होतं कारण माझ्या कानावर हेडफोन. कन्सोलवर, म्हणजे आमच्या मिक्सरवर, पीएफएल म्हणून बटण असतं, ते दाबलं की फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) कुठेही असो, त्या माइकवर येणारं सगळं फक्त ऑपरेटरला ऐकू येतं. सर गप्प बसले की त्यांनी श्वास घेतलेला ऐकू यायचा, बोलायच्या आधीचा श्वास, आणि नेमकं तेव्हाच बाई बोलायला लागायच्या. तो श्वास नुसताच बाहेर पडायचा. माझा जीव तुटत होता पण मी साउंडवाला, स्टेजवर चिठ्ठी पाठवणं माझ्या कामात बसत नाही.

मला त्यावेळी १९६२ची ती मुलाखत आठवली, फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो सस्पेन्स सिनेमांच्या आल्फ्रेड हिचकॉकला भेटायला अमेरिकेत गेला होता ती. आठवडाभर दोघं युनिव्हर्सल स्टुडिओच्या ऑफिसात बसून एकेका सिनेमावर बोलले आणि सगळं टेपवर घेतलं. त्याचं १९६६ मध्ये पुस्तक झालं, ते खूप लोकांनी वाचलेलं असतं, पण टेप ऐकायला पाहिजेत. त्रुफो फ्रेंच बोलणार, हिचकॉक इंग्रजी, मध्ये हेलन स्कॉट नावाच्या बाई दुभाष्या. माझं मत असं की त्या मुलाखतीच्या यशात हेलन स्कॉटचा वाटा सांगतात त्यापेक्षा मोठा आहे, कारण प्रत्येक प्रश्न दोनदा होतो, प्रत्येक उत्तर दोनदा होतं आणि त्यामध्ये समोरच्याला आपोआप विचार करायला वेळ मिळतो. कुणी मुद्दाम थांबावं लागत नाही. आपल्या मुलाखतींना दुभाषी नसतात हा तोटाच म्हणायचा.

असो. पंपाची क्लिप लागली. मॅनेजरने ब्लोअर कमी केला, मी फेडर वर केला, घरघर आणि शीळ दोन्ही सभागृहात गेले. क्लिप संपली. बाई म्हणाल्या की संवाद बंद करून फक्त पंप ठेवायचा हे धाडस तुम्हाला कसं सुचलं.

सर म्हणाले, "सुचलं नाही. शेजारचा पंप बंद करेना."

लोक हसले. त्यांनी सांगितलं की ते घर खरं होतं, सेट नव्हता, आणि सिनेमा सिंक साउंडवर होता, म्हणजे शूटिंगच्या वेळचाच आवाज वापरायचा, नंतर डबिंग नाही. शेजाऱ्याला विनवण्या झाल्या, पैसे देऊन झाले, तो म्हणाला लाइट आत्ताच असते, पाणी आत्ताच द्यावं लागतं, तुमचं नाटक उद्या करा. उद्या मोठा भाऊ झालेला नट नव्हता. अर्धा सीन पंप सुरू व्हायच्या आधी झाला होता, उरलेल्यातला एकही टेक वापरता येणार नाही असं रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून सांगितलं. मग कॅमेरा उचलून बाहेर नेला, इतका लांब की संवाद ऐकू न येणंच खरं वाटेल. "नात्यातली दरी वगैरे मला नंतर पेपरात वाचून कळलं."

सभागृह कोसळलं हसून. मी हसलो नाही. खरं तर मला राग आला, कोणाचा ते माहीत नाही. इतकी वर्षं जो सीन मी स्पीकर तपासायला लावतो तो कुणाच्यातरी उसाला पाणी द्यायचं होतं म्हणून झाला. आणि दुसरीकडे माझ्या धंद्यातल्या माणसाला यात नवल वाटायला नको होतं. आपला पहिला बोलपट १९३१चा 'आलम आरा', त्याचं शूटिंग बरंचसं रात्री झालं ते स्टुडिओजवळून रेल्वे जायची म्हणून. नंतर आपल्याकडे कित्येक दशकं सरसकट डबिंग चाललं त्याचं एक कारण कॅमेऱ्यांचा खडखडाट आणि लोकेशनवरचा गोंगाट हेच. २००१ मध्ये 'लगान' सिंक साउंडवर झाला तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली होती. बाहेरच्या आवाजाने दिग्दर्शकाला हलवायचं हे पहिल्यापासूनच आहे.

बाई पण हसत होत्या, हसता हसता कार्ड बदलायला गेल्या आणि कार्डं हातातून निसटून खाली पडली. त्या वाकून गोळा करायला लागल्या. म्हणून कुणी बोललं नाही. सर गप्प. मी हेडफोनमध्ये ऐकतोय, एक श्वास आला, सुटला. दाढीवर हात गेला, पण वायरीच्या त्या फासामुळे एवढंसंच खसखसलं. परत एक श्वास. नंतर रेकॉर्डिंगमध्ये मोजलं तर अकरा सेकंद भरली, स्टेजवर अकरा सेकंद म्हणजे खूप, लोक खोकायला लागतात.

मग म्हणाले, "पण तुम्ही ऐकला तो पंप तो नाहीच."

आणि पुढची दहा-बारा मिनिटं तो माणूस असा बोलला की बाईंनी कार्डं मांडीवर ठेवूनच दिली. एडिटिंगला बसल्यावर तो खरा पंप लावून पाहिला तर सीन विनोदी वाटायला लागला, कारण तो एका लयीत ठक ठक करायचा, भावांचे हातवारे त्या ठेक्यावर पडल्यासारखे दिसायचे. मग पूर्ण शांत करून पाहिला, तर काहीतरी बिघडलंय, थिएटरवाल्याने आवाज घालवलाय असं वाटेल. मग वारा, पक्षी, लांबचा रस्ता, सगळं लावून झालं. शेवटी रेकॉर्डिस्ट वेगवेगळ्या ठिकाणचे पंप रेकॉर्ड करत हिंडला. ज्या पंपाला लय नाही, जो एकसारखा चालतो आणि तरी कान त्याला सरावत नाहीत असा पाहिजे होता. एक मिळाला, त्यात घरघर होती पण कंटाळवाणी होती, म्हणून त्यावर दुसऱ्या कुठल्यातरी मोटरची शीळ चढवली, आणि ती शीळ धाकटा भाऊ उठतो तिथे किंचित, अगदी नावाला, वर सरकते. कुणाच्या लक्षात येऊ नये इतकीच.

माझ्या लक्षात आलेली नव्हती. दोन आवाज वेगवेगळे ऐकू येतात म्हणून मी तो सीन लावायचो, पण ते मुळातच दोन वेगळ्या मशीनचे आहेत आणि एक सरकतोय हे मला कधी कळलं नाही. राग कधी गेला ते कळलं नाही. शेजाऱ्याने दिली ती अडचण, त्या अडचणीतून कॅमेऱ्याची जागा, इथपर्यंत नशीब म्हणा. पंप शोधत हिंडणं नशीब नाही.

प्रेक्षकांचे प्रश्न नेहमीसारखे, एकाने प्रश्नाऐवजी स्वतःचीच कथा सांगितली, त्याचा माइक मी दोनदा हळूच खाली घेतला. कार्यक्रम संपल्यावर सरांच्या कमरेचा ट्रान्समीटर काढायला गेलो तर सेल्फीवाल्यांची गर्दी. त्यांनी शर्टातली पट्टी स्वतःच सोडवली, वायर गुंडाळून हातात दिली. मी विचारलं, सर, शीळ किती सरकते? म्हणाले, "ते रेकॉर्डिस्टला माहीत. मी त्याला सांगितलं होतं मला सांगू नको, नाहीतर मला तेवढंच ऐकू येत राहील."

दोन दिवसांनी आयोजकांच्या व्हिडिओ एडिटरचा फोन, ऑडिओची फाइल पाठवा. पाठवली आणि सोबत लिहिलं की पंपाच्या उत्तरामध्ये एक मोठा पॉज आहे तो तेवढा ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच येतं. तो म्हणाला दादा, एवढं डेड एअर ठेवलं तर लोक स्क्रोल करून जातात. आता नेटवर जी मुलाखत आहे त्यात सर पंपाचा विनोद करतात, लोक हसतात, आणि ते हसणं संपायच्या आत "पण तो पंप तो नाहीच" येतं, जणू पाठ करूनच आले होते. खाली कमेंट आहे की सर किती हजरजबाबी आहेत. पूर्ण फाइल माझ्या हार्ड डिस्कवर आहे, एकदोघांनी मागितली, पण देता येत नाही, रेकॉर्डिंगचे हक्क आयोजकांचे.