जादूतली घट

मी वणी तालुक्यातील एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. १०० किलो कापूस रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रावर, गेला की साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी हाती येते, आणि उरलेले एक-दोन किलो कचरा, धूळ आणि ओल होऊन उडून जातात. या उडून गेलेल्या मालाला आम्ही घट म्हणतो. ज्या दिवशी वहीत घट शून्य दिसते त्या दिवशी मालक खूश होत नाहीत, वही पुन्हा तपासायला लावतात. कारण घट नाही याचा अर्थ काटा तरी चुकला आहे किंवा माणूस तरी.

उन्हाळ्यात रेचे बंद असतात. या वर्षी नागपूरला शिकणारी माझी भाची सुट्टीत आली ती पुस्तकांची एक पिशवी घेऊनच. सगळ्या कादंबऱ्या इंग्रजी, सगळ्या किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या, आणि एक सोडली तर सगळ्यांत जादू. वाणिज्य शाखेचा पदवीधर असलो तरी माझे इंग्रजी वाचन संथ आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर बसून, शब्दकोश मांडीवर ठेवून, मी ती वाचली. माझ्या वयाच्या माणसाने अशी पुस्तके का वाचावीत, असे घरात विचारले गेले. त्याचे उत्तर मी दिले नाही, पण वाचताना एक गोष्ट लक्षात आली की मी प्रत्येक पुस्तकात घट शोधत होतो.

ज्या पुस्तकात जादू नाही त्यापासूनच सुरुवात करतो, कारण तेच मला सर्वांत जवळचे वाटले. सुझान कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' ही २००८ सालची कादंबरी आहे. एका राजधानीच्या अमलाखाली बारा जिल्हे आहेत, आणि प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी बारा ते अठरा वयोगटातील एक मुलगा आणि एक मुलगी द्यायची. चोवीस जणांनी एकमेकांना मारायचे आणि एकाने उरायचे. नायिका कॅटनिस बाराव्या जिल्ह्याची आहे, आणि हा जिल्हा कोळसा खाणींचा आहे. आमच्या गावावरून दिवसरात्र कोळशाचे ट्रक जातात. रस्त्याकडेच्या शेतातील कापूस वेचून आणला की बोंडाच्या वरच्या पाकळ्यांवर काळसर झाक असते आणि प्रतवारी करणारा माणूस ती बोटाने चोळून भाव पाडतो. त्यामुळे खाणीत वडील गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला जेमतेम महिनाभर पुरेल एवढी भरपाई मिळते, हे वाचताना मला कल्पनेवर ताण द्यावा लागला नाही. आमच्याकडेही शेतकरी आत्महत्या करून गेल्यावर त्याचे प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरते आणि मग एक लाख मिळतात किंवा मिळत नाहीत. कादंबरीतल्या माणसांनाही मराठीत पात्रेच म्हणतात, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा खटकले.

पण मला खरे पकडले ते धान्याच्या हिशेबाने. प्रत्येक मुलाच्या नावाची बाराव्या वर्षी एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, अशी अठराव्या वर्षापर्यंत सात. घरात दाणा नसेल तर जास्तीची चिठ्ठी टाकून एका माणसाला वर्षभर कसेबसे पुरेल एवढे धान्य आणि तेल घेता येते. घरातील प्रत्येक माणसामागे अशी एक चिठ्ठी टाकता येते, आणि त्या चिठ्ठ्या पुढच्या वर्षी काढल्या जात नाहीत, साचत जातात. कॅटनिस सोळा वर्षांची आहे आणि तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत. मी समासात पेन्सिलने मांडून पाहिले. पाच वर्षांच्या पाच, स्वतः, आई आणि धाकटी बहीण अशा तिघींच्या दरवर्षी तीन, म्हणजे पाच वर्षांच्या पंधरा, एकूण वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा आहे आणि त्याच्या घरी पाच माणसे आहेत. सात वर्षांच्या सात आणि पाच साते पस्तीस, एकूण बेचाळीस. पुस्तकातही बेचाळीसच आहेत. लेखिकेने हा हिशेब स्वतः बसून केला असणार, आणि जी लेखिका चिठ्ठ्यांचा हिशेब चुकत नाही तिच्यावर पुढच्या तीनशे पानांसाठी विश्वास ठेवायला माझी हरकत नव्हती. मी हे कौतुकाने भाचीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मामा, तुम्ही तं रेशन दुकानाचं रजिस्टर वाचल्यासारखं वाचून राहिले!" ते खरेही आहे, कारण ही कादंबरी मुळात रेशनची आहे. जिच्या नावाची एकच चिठ्ठी आहे, जिला बहिणीने एकही जास्तीची चिठ्ठी टाकू दिलेली नाही, नेमके त्या बारा वर्षांच्या प्रिमचेच नाव निघते. आणि अकराव्या जिल्ह्याची रू सांगते की सगळ्यांसाठी शेती पिकवणाऱ्या त्यांच्या जिल्ह्यात बागेतले फळ तोंडात टाकले तर चारचौघांत फटके बसतात. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ अंगणात जाऊन आलो.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. शेवटी मेलेल्या मुलांचे डोळे असलेले लांडग्यासारखे प्राणी मैदानात सोडले जातात. ते कसे बनले, त्यांत त्या मुलांचे खरोखर काही आहे की तो नुसता देखावा आहे, याचा उलगडा होत नाही. भाचीच्या मते तोच भाग सर्वांत भयंकर आहे आणि मला तो आवडत नाही कारण तो माझ्या वहीत बसत नाही. आमचे यावर एकमत झालेले नाही.

हॅरी पॉटर मी पूर्वी मराठीत वाचायला घेतला होता. पहिल्या भागाच्या मराठी नावातला 'परीस' हा शब्द मला अजूनही फार आवडतो. इंग्रजीत ज्यासाठी दोन शब्द लागतात ते आपल्याकडे तीन अक्षरांत भागते. या वेळी पुढचे भाग इंग्रजीत वाचले आणि माझी जुनी शंका पक्की झाली. हॅरीच्या जादूच्या शाळेत टेबलांवर आपोआप प्रकटणारे जेवण तळघरातील शंभराहून अधिक बिनपगारी घरगडी रांधतात, हे चौथ्या भागात कळते, आणि त्याबद्दल आवाज उठवणाऱ्या हॅरीच्या मैत्रिणीला, हर्मायनीला, जवळजवळ सगळे हसतात. शून्यातून अन्न निर्माण करता येत नाही हा नियम तर सातव्या भागात, म्हणजे २००७ साली, वाचकाच्या हाती पडतो. मग चौथ्या भागात हॅरीचा मित्र रॉन याच्या आईच्या छडीच्या टोकातून पातेल्यात ओतला जाणारा घट्ट रस्सा कुठून आला होता? चाहत्यांकडे याचे उत्तर असेल. मला एवढेच दिसते की छडी फिरवून स्वयंपाक करणाऱ्या घरातली मुले जुने, वापरलेले झगे घालून शाळेत जातात, आणि त्या गरिबीचे कारण कुणी विचारत नाही. लेखिका रोलिंग यांची गोष्ट सांगण्याची हातोटी मोठी आहे, मी दोन रात्री झोपलो नाही. पण ही वही असती तर मी परत पाठवली असती.

सी. एस. लुईस यांच्या कपाटातून बर्फाच्या देशात जाणाऱ्या मुलांच्या गोष्टीबद्दल थोडक्यात सांगतो. एक मुलगा मिठाईच्या डब्यासाठी सख्ख्या भावंडांना दगा देतो हे मला आधी पोरकट वाटले होते. मग लक्षात आले की पुस्तक १९५० सालचे आहे आणि इंग्लंडमध्ये मिठाईवरचे रेशन १९५३ पर्यंत कायमचे उठलेले नव्हते. ज्या मुलांना गोड मोजून मिळत होते त्यांना तो दगा पोरकट वाटला नसणार.

पिशवीतले सर्वांत बारीक पुस्तक होते अर्सुला ले ग्विन यांचे १९६८ सालचे 'अ विझार्ड ऑफ अर्थसी'. गेड हा गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरच्या लोहाराकडचा, म्हणजे नेमके सांगायचे तर कांस्यकाम करणाऱ्याचा, शेळ्या राखणारा पोरगा. त्याची मावशी गावातली मांत्रिक बाई. त्याचा रंग तांबूस तपकिरी आहे आणि त्याचा जिवलग मित्र त्याहून काळा आहे, हे लेखिका सहज सांगून जाते. गोऱ्यापान राजपुत्रांवर वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला हे सहज सांगणेच मोठे वाटले. या जगात प्रत्येक वस्तूला आणि माणसाला एक खरे नाव असते, आणि ते ज्याला कळले त्याची तिच्यावर सत्ता चालते. म्हणून माणसे ते जपून ठेवतात आणि व्यवहारात दुसरेच नाव वापरतात. आमच्याकडे पाळण्यातले नाव वेगळे आणि शाळेच्या दाखल्यावरचे वेगळे असते. माझ्या आजीने आयुष्यभर आजोबांचे नाव उखाण्याबाहेर कधी उच्चारले नाही. त्यामुळे नावात वजन असते हे मला कुणी समजावून द्यावे लागले नाही.

गेडचा पहिला गुरू ओगिऑन पावसाला हटकत नाही. मंत्राने ढग दुसरीकडे वळवता येत असूनही तो झाडाखाली भिजत झोपतो, आणि पोरगा मनात चरफडत राहतो की पाऊस थांबवत नसेल तर याच्या विद्येचा उपयोग काय. पुढे मांत्रिकांच्या शाळेत त्याला सांगतात की एका बेटावर मंत्राने पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटावरचा दुष्काळ असू शकतो. ही दोन पाने मी तीनदा वाचली. जून सरत आला आहे, शिवेपलीकडच्या गावात दोन चांगल्या सरी झाल्या आहेत आणि आमच्या शिवारात सरकी लावून बसलेले लोक दुबार पेरणीच्या धास्तीने आभाळाकडे पाहत आहेत, अशा दिवसांत मला कुणी तो मंत्र दिला असता तर मी ओगिऑनसारखा गप्प राहिलो असतो असे मला वाटत नाही. या पुस्तकात घट पानोपानी आहे. गेड गर्वाने एक छाया मोकळी सोडतो, त्याच्या चेहऱ्यावर कायमचे वण राहतात, आणि छाया ज्या वाटेने आली ती बंद करताना शाळेचा वृद्ध प्रमुख प्राण गमावतो. पुढे मित्राच्या आजारी मुलाला वाचवायला तो मृत्यूच्या उतारावर फार दूर उतरतो, आणि मूल वाचत नाही ते नाहीच. लहानपणी वाचलेल्या 'चांदोबा'तला वेताळ आठवला. राजाने तोंड उघडले की प्रेत पुन्हा झाडावर, आणि राजाला पुन्हा तेवढीच पायपीट. तिथेही विद्या फुकट नव्हती.

फिलिप पुलमन यांच्या 'नॉर्दर्न लाइट्स'मध्ये (१९९५) प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्या सोबत वावरतो. मुलांचा प्राणी रूपे बदलत असतो आणि वयात आल्यावर एका रूपात स्थिर होतो. काही मोठी माणसे मुले पळवून त्यांच्यापासून हा प्राणी तोडतात. मधल्या विज्ञान आणि धर्मसत्तेच्या चर्चा मला जड गेल्या, काही पाने मी प्रामाणिकपणे सोडून दिली. पण टोनी नावाच्या मुलाचा प्रसंग सोडता आला नाही. प्राणी तोडलेला तो मुलगा एका झोपडीत सापडतो तेव्हा त्याने छातीशी एक वाळवलेली मासळी घट्ट धरलेली असते, प्राण्याच्या जागी. रात्री तो मरतो आणि सकाळी कुणीतरी ती मासळी काढून कुत्र्यांना टाकलेली असते. कादंबरीची नायिका लायरा संतापते, मग एका नाण्यावर त्याच्या हरवलेल्या प्राण्याचे नाव कोरते आणि ते नाणे त्याच्या तोंडात ठेवते. आम्ही तुळशीचे पान आणि सोन्याचा कण ठेवतो. आजोबांच्या वेळी घरात सोने नव्हते, तेव्हा आजीने स्वतःच्या पोतीतला एक मणी तोडून दिला होता, आणि ती पोत पुढे तशीच एका मण्याने कमी राहिली.

भाची परत गेली आहे. कॅटनिसचा दुसरा भाग तिच्या वसतिगृहातल्या मैत्रिणीकडे आहे आणि तो दिवाळीला मिळेल, असे तिने कळवले आहे. दिवाळीला जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, तेव्हा वाचणे होणार नाही. तरी मी तिला पुस्तक पाठवायला सांगितले आहे आणि सोबत एक पेन्सिलही, कारण माझी शब्दकोशात अडकवलेली पेन्सिल ती चुकून घेऊन गेली.