हा गिरिपुष्प नाही हो, काटे बघा

जूनच्या आसपास न्यू मेक्सिकोत, म्हणजे लॉस अलामोसच्या वर हेमेझ डोंगरात, उतारच्या उतार गुलाबी-जांभळ्या घोसांनी भरतात, आणि इकडे नवीन आलेला मराठी माणूस ते बघून हमखास म्हणतो, अरे हा तर आपला गिरिपुष्प! अगदीच वावगं नाही ते. फूल तसंच वाटाण्याच्या जातीचं, पानंही तशीच, देठाच्या दोन्ही बाजूंना छोटी छोटी पानं आणि टोकाला एक एकटं. गंमत म्हणजे कोकणात बांधाबांधावर दिसणारा गिरिपुष्प पण मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचाच, आणि 1760 मध्ये जॅकन नावाच्या शास्त्रज्ञाने त्याचं बारसं केलं तेव्हा त्याला रोबिनियातच, म्हणजे या डोंगरातल्या झुडपाच्याच गटात, घातला होता.

हे झुडूप म्हणजे न्यू मेक्सिको लोकस्ट, रोबिनिया निओमेक्सिकाना, पक्कं इथलं. फुलाचे फोटो काढत बसू नका, फांदी हातात धरा (जपून!). पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे दोन बाजूंना दोन काटे, जोडीने, किंचित वाकडे, टणक. गिरिपुष्पाला काटे नसतात, विषय संपला.

खरा घोळ ब्लॅक लोकस्टशी, म्हणजे याच्याच भाऊबंद झाडाशी, होतो कारण जोडकाटे त्यालाही असतात. पण ते पूर्व अमेरिकेतलं, इथे माणसांनी आणून लावलेलं, चांगलं उंच वाढणारं झाड, फुलं पांढरी, शेंग गुळगुळीत. आपल्या झुडपाची शेंग बहुतेक वेळा राठ केसाळ असते, बोट फिरवलं की कळतं. त्यात नर्सरीवाले गुलाबी फुलांचे संकर विकतात, त्यामुळे कुणाच्या अंगणातलं गुलाबी लोकस्ट बघून लगेच नेटिव्ह, म्हणजे मूळचं इथलं, म्हणून ठोकून देऊ नका.

जिथे वणवा लागून गेलाय तिथे तर हे माजतं. 2000 सालच्या सेरो ग्रांडे आगीत इकडची पाइनची झाडं जळाली, लोकस्टचं वरचं जळलं तरी मुळांतून फुटवे येतात आणि मग अशी दाट जाळी होते की ट्रेलवरून जाताना पँटचं काही खरं नाही. लोक त्याला शिव्या घालतात, पण जळक्या उतारावरची माती धरून ठेवणारं, वर मुळांतल्या गाठींमुळे नायट्रोजन देणारं दुसरं कोण पटकन येणारे तिथे?

आणि हो, बी, साल, मुळं विषारी आहेत. शेंगा वालासारख्या दिसतात म्हणून पोरांच्या हातात देऊ नका.