उघडतच नाही? आधी ते कुठे अडकतंय ते बघा

शनिवार, रात्री उशिरा

लग्नसराई आली की फोटोशॉप उघडत नसल्याची तक्रार ठरलेली. पाठोपाठ पुढचं वाक्यही येतं: 'काढून परत टाकलं, तरी तेच.' तेच होणार. सेटिंग्ज विंडोजमधल्या युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्रामपासून वेगळ्या जागी असतात. अनइन्स्टॉल करताना 'प्रेफरन्सेस (म्हणजे याच सेटिंग्ज) ठेवायच्या का' असं विचारलं जातं, घाईत 'ठेवा' दाबलं जातं, आणि नवी प्रत तीच बिघडलेली फाइल वाचते. म्हणून रीइन्स्टॉल हा उपाय मी सगळ्यात शेवटी ठेवतो.

सुरुवात स्प्लॅश स्क्रीनपासून, म्हणजे प्रोग्राम उघडताना पहिल्यांदा दिसणाऱ्या चित्रापासून करावी. काय लोड होतंय ते सांगणारी तिच्यावरची बारीक ओळ कुणी वाचत नाही, पण निम्मं निदान तिथेच असतं. फॉन्टवर अडकलं, तर अलीकडे टाकलेले फॉन्ट बाजूला काढा. आपल्याकडे पत्रिका आणि बॅनरसाठी देवनागरी फॉन्टचे गठ्ठेच्या गठ्ठे टाकलेले असतात. त्यातला एक खराब निघाला तरी पुरतं. मग फोटोशॉपच्या ॲपडेटा फोल्डरमधलं 'सीटी फॉन्ट कॅश' (फॉन्टच्या माहितीचा तात्पुरता साठा) उडवा, ते आपोआप नव्याने बनतं. अडोबीचं व्हिडिओ एडिटिंगचं प्रीमिअर तर लोड होत असलेल्या प्लगइनचं (जोड-प्रोग्रामचं) नावच दाखवतं. बाहेरचे प्लगइन बहुधा प्रोग्राम फाइल्समध्ये अडोबी, कॉमन, प्लग-इन्स, ७.०, मीडियाकोर इथे असतात. तिथून ते हलवा आणि एकेक करून परत ठेवा.

फोटोशॉप सुरू होताक्षणी कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून धरलं की सेटिंग्ज फाइल पुसायची का, असं विचारतं. 'हो' म्हणण्याआधी सेटिंग्जचं अख्खं फोल्डर कॉपी करून ठेवा. वेगळ्या फाइलमध्ये सेव्ह न केलेल्या ॲक्शन्स (एका क्लिकवर चालणाऱ्या, रेकॉर्ड केलेल्या पायऱ्या) तिथल्या 'ॲक्शन्स पॅलेट' फाइलमध्येच असतात. अल्बमसाठी वर्षानुवर्षं जमवलेल्या ॲक्शन्स अशा गेलेल्या बघवत नाहीत. स्क्रॅच डिस्क (फोटोशॉप कामापुरती वापरतं ती डिस्कवरची जागा) भरल्याचा निरोप आला, तर सुरू करताना फक्त कंट्रोल आणि ऑल्ट धरा आणि दुसरा ड्राइव्ह निवडा.

क्लिक केल्यावर काहीच दिसत नसेल, तर आधी टास्क मॅनेजरमध्ये जुनी प्रोसेस लटकलीय का बघा, असेल तर बंद करा. नंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदी असतात तिथे) विंडोज लॉग्ज, मग ॲप्लिकेशन उघडा. लाल नोंदीत 'फॉल्टिंग मॉड्यूल'चं, म्हणजे जिथे बिघाड झाला त्या फाइलचं नाव असतं. ते 'एनव्ही'ने सुरू होत असेल, तर संशय एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरवर. त्यांचा स्टुडिओ ड्रायव्हर क्लीन इन्स्टॉल करून टाका. 'एमएसव्हीसीपी१४०' दिसलं, तर व्हिज्युअल सी प्लस प्लसचं २०१५-२०२२चं ६४ बिट पॅकेज दुरुस्त करून बघा.

फोटो निवडायच्या आणि सुधारायच्या लाइटरूम क्लासिकचं दुखणं वेगळं. काम चालू असताना वीज गेली की कॅटलॉगशेजारी (फोटोंची आणि त्यांवरच्या बदलांची नोंद ठेवणारी फाइल) 'लॉक'ने संपणारी फाइल तशीच राहते, आणि कॅटलॉग दुसरीकडे उघडा असल्याचा निरोप येतो. लाइटरूम खरंच बंद आहे याची खात्री करून ती फाइल काढली की बहुधा काम होतं. पण शेजारीच '-डब्ल्यूएएल'ने संपणारी फाइल दिसली, तर तिला अजिबात हात लावू नका. कॅटलॉगमध्ये अजून न उतरलेले शेवटचे बदल त्याच फाइलमध्ये असतात. कॅटलॉग आणि ही फाइल, दोन्ही एकत्र कॉपी करून ठेवा, मग लाइटरूम उघडा. ते बदल लाइटरूम स्वतःच कॅटलॉगमध्ये घेतं.