पलाऊला जाताय? थोडी पलाउअन शिकून जा

पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशात इंग्रजी सगळीकडे चालते, ती तिथली राजभाषाही आहे. भाषेवाचून काहीच अडत नाही. तरीही पलाउअन या तिथल्या भाषेतले पंधरा-वीस शब्द तोंडात बसवूनच विमानात चढा, असं मी आग्रहाने सांगेन. जेमतेम अठरा हजार वस्तीच्या या देशात परक्या माणसाने ‘सुलाङ’ (आभार) म्हटलं की समोरचा आधी चमकतो, मग खुलतो आणि गप्पा सुरू होतात.

शब्द पुस्तकातून नव्हे, ऐकून शिका. रोमन लिपीत ‘सी-एच’ दिसलं की आपण ‘च’ म्हणून मोकळे होतो. तिथे तो घशात घेतलेला एक झटका असतो, कधी कधी तर ऐकूही येत नाही. ‘हो’ लिहिताना सुरुवातीला तीच दोन अक्षरं असतात, कानावर मात्र ‘ओई’ पडतं. ‘एन-जी’ म्हणजे आपला ‘वाङ्मय’मधला ङ. पलाउअनमध्ये तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो, राजधानीचं नावच ङेरुल्मुद. हा एक उच्चार घरी घोकून जा. ‘नाही’ला ‘दिआक’, भेटल्यावर ‘आली’ (‘ली’वर जोर), सकाळी ‘उङिल तुताउ’. किंमत विचारायला ‘ङ तेला एराल?’ वयस्कर पुरुषाला ‘रुबाक’ आणि बाईंना ‘मेआस’ म्हणतात. या दोन शब्दांत मान आहे, ते जपून आणि मनापासून वापरा.

मराठी माणसाला इथे एक गोष्ट आयती मिळते. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद पलाउअनमध्येही आहे: ‘किद’ आणि ‘केमाम’. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास अडखळतात, आपल्याला तो मुद्दा समजावून सांगावाच लागत नाही. मोजण्याचंही तसंच. आपण दोन बोटी पण दोघं माणसं म्हणतो, तिथे वस्तूंना ‘एरुङ’ आणि माणसांना ‘तेरुङ’. पाचाला ‘एइम’. जेलीफिशच्या प्रसिद्ध तळ्याचं स्थानिक नाव ओङेइम्ल तकेताउ, म्हणजे पाचवं तळं. त्यातला ‘एइम’ ओळखता आला तेव्हा मला फार आनंद झाला.

ओळखीचं आणखी एक ठिकाण म्हणजे कोरोर या तिथल्या सर्वांत मोठ्या शहरातल्या दुकानांचा गल्ला. तिथे छोट्या पिशव्यांतून हिरव्या सुपाऱ्या असतात. सुपारी ‘बूअ’, पान ‘केबुइ’, चुना ‘आउस’. सुपारी वाळलेली नसते, कोवळीच उभी चिरतात, आत चुना भुरभुरतात, पानाचा तुकडा गुंडाळतात आणि बरेचजण सिगारेटमधली तंबाखूही घालतात. खाऊ नका, सवय नसलेल्याला ती जोरात लागते. पण नावं विचारा. आपल्याकडे विडा कसा लावतात हे सांगितलं तर ऐकणारे जागचे हलत नाहीत.

जपानी येत असेल तर ओळखीचं बरंच काही कानावर पडेल. 1914 ते 1945 जपानी अंमल होता, त्यामुळे फोटो ‘सिआसिङ’, फोन ‘देङ्वा’ आणि डबा ‘बेन्तो’. बिअर पिण्याला ‘त्सुकारेनाओस’, मूळ जपानी अर्थ शीण घालवणं. त्याआधीच्या जर्मनांकडून खिडकीला ‘बेन्स्तेर’ आलं. मला या भाषेचं सर्वांत मोठं बळ हेच वाटतं: राज्यकर्ते बदलत गेले, तिने प्रत्येकाचे शब्द घेतले आणि आपल्या व्याकरणात बसवले.

जेवणात ‘देमोक’ मागा, अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली. अळूचा कंद म्हणजे ‘कुकाउ’ आणि त्याचं पाणथळ शेत ‘मेसेइ’. ही शेतं परंपरेने बायकांची, आणि कुळही आईकडून चालतं. म्हणून गावात गेलात तर मेआसशी बोलायला वेळ ठेवा. ऐराइ गावातलं जुनं ‘बाइ’, म्हणजे पुरुषांचं सभागृह, जरूर बघा. तुळयांवर आणि दर्शनी बाजूवर गोष्टी कोरून रंगवलेल्या आहेत.

सनस्क्रीनच्या बाटलीवरची घटकांची यादी निघण्याआधीच वाचा. प्रवाळाला घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर 2020 पासून बंदी आहे, जवळ सापडली तर ती जप्त होते. देशात शिरताना पासपोर्टवर निसर्ग जपण्याच्या प्रतिज्ञेचा शिक्का मारतात, त्याखाली आपल्याला सही करायची असते. रॉक आयलंड्स या छोट्या बेटांचा आणि जेलीफिशच्या तळ्याचा परवाना वेगवेगळा आहे. बोट ठरवतानाच परवान्याचे पैसे भाड्यात धरलेत का ते विचारा. चलन अमेरिकन डॉलर, सुट्ट्या नोटा जवळ असू द्या.