उंदराला शेंगदाण्याची ॲलर्जी आणताना

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला दाणाच कणाकणाने चारून बरं करता येतं का, हे उंदरावर तपासायचं तर आधी उंदराला ॲलर्जी आणावी लागते. सगळी गोम तिथेच आहे. सांगलीत हे काम लावलं तेव्हा आमची पहिली बॅच वाया गेली ती खाद्यामुळे. तयार गोळीखाद्यात प्रथिनासाठी शेंगपेंड होती. जन्मापासून पेंड खाणाऱ्या उंदराचं शरीर ते प्रथिन आपलंसं करून बसलेलं असतं. मग कितीही डोस द्या, आयजीई, म्हणजे ॲलर्जीची अँटीबॉडी, वर येत नाही. आईच्या खाण्याचाही पिल्लांवर परिणाम होतो, म्हणून माद्यांना गाभण राहण्याआधीपासूनच बिनपेंडीचं खाद्य लावलं. सोया स्वस्त, पण तीही शेंगेच्याच कुळातली. केसीनचं, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचं, खाद्य महाग पडलं तरी शंका उरत नाही. घटकांची यादी पुरवठादाराकडून लेखी घ्या. आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी प्राणिगृहात न्यायची नाही, हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागतं.

प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीसाठी नीतिसमितीकडे द्यायचा फॉर्म बी भरताना कोणत्या लक्षणाला प्रयोग थांबवून उंदराचा त्रास संपवायचा, ते स्पष्ट लिहा. समिती पहिलं तेच विचारते.

जात सीथ्रीएच/एचईजे, माद्या, 5 ते 6 आठवड्यांच्या. बाल्ब/सी सहज मिळतात, पण तोंडावाटे दाणा दिल्यावर त्यांच्यात रिॲक्शन उठवणं कठीण.

भाजलेले बिनमिठाचे दाणे दळून थंड ॲसिटोनने तेल काढायचं, मग पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) 4 अंशांवर रात्रभर ढवळून सेंट्रिफ्यूज. तेल राहिलं की अर्क फुटतो आणि प्रथिनाचं माप चुकतं. संपूर्ण प्रयोगाला एकाच घाण्याचा अर्क वापरा.

आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे, 1 मिलिग्रॅम प्रथिन आणि ॲलर्जी चेतवणारं 10 मायक्रोग्रॅम कॉलरा टॉक्सिन, मिळून 0.2 मिली, नळीने पोटात. आधी तीन तास उपाशी. विरघळवलेलं टॉक्सिन गोठवू नका, फ्रिजमध्येच ठेवा. गोल टोकाची 20 गेजची सुई अडली तर ढकलायची नाही. द्रव श्वासनळीत गेला तर नाकातून फेस येऊन उंदीर काही मिनिटांत मरतो, आणि घाईत तो मृत्यू ॲनाफिलॅक्सिसच्या (तीव्र ॲलर्जिक रिॲक्शनच्या) रकान्यात जातो. शंका आली की फुप्फुसं उघडून पाहा.

आयजीई मोजायच्या एलायझा चाचणीत प्लेटवर थेट शेंगदाण्याचं प्रथिन लावलं तर आयजीजी ही दुसरी, भरमसाट असलेली अँटीबॉडी जागा अडवते आणि आकडा खोटा कमी दिसतो. आधी अँटी-आयजीई लावून आयजीई पकडा, मग खुणेचं प्रथिन टाका.

उपचाराचा डोस आठवड्याचे पाच दिवस: 0.01 मिलिग्रॅमपासून रोज दुप्पट. दहाव्या डोसला 5 मिलिग्रॅमच्या थोडं वर जातो; पुढचे दोन आठवडे तोच. नुसतं पीबीएस मिळणारा ॲलर्जिक गट आणि मुळात ॲलर्जी न आणलेला गट, दोन्ही सोबत हवेत.

चॅलेंजनंतर, म्हणजे रिॲक्शन येते का हे पाहायला दाण्याचा मोठा डोस दिल्यावर, तासभर दर 10 मिनिटांनी गुदाचं तापमान, आणि 0 ते 5 लक्षणगुण: 1 म्हणजे नाक-डोकं खाजवणं, 3 म्हणजे धाप, 5 मृत्यू. खोली 22 अंशांच्या आसपास नसली तर हे आकडे निरर्थक. प्रोबची सवय आठवडाभर आधी लावा. पोटाच्या पोकळीत टोचून चॅलेंज दिलं तर उंदरात आयजीजी1 मुळेही तापमान घसरतं. ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या मास्ट पेशी खरंच फुटल्या का, हे त्यांच्यातून रक्तात येणाऱ्या एमएमसीपी-1 या एन्झाइमवरून कळतं.

त्यानंतर डोस तीन आठवडे बंद ठेवून पुन्हा चॅलेंज. यासाठी निम्मे उंदीर पहिल्या चॅलेंजपासून वेगळे ठेवा, कारण एकदा रिकाम्या झालेल्या मास्ट पेशी काही काळ गप्प असतात आणि उपचार फळला असा भास होतो. डोस थांबवल्यावर संरक्षण ओसरणं माणसांतही दिसतं. अमेरिकेत जानेवारी 2020 मध्ये मान्यता मिळालेली शेंगदाण्याची पावडर म्हणूनच रोज 300 मिलिग्रॅम घेत राहावी लागते.

माद्या भरवण्यापासून शेवटच्या चॅलेंजपर्यंत सहा महिने धरा. पावसाळ्याआधी काम संपावं म्हणून आम्ही माद्या ऑक्टोबरात भरवतो. 2019 आणि 2021 ला कृष्णेचं पाणी शहरात आलं तसं पुन्हा आलं, तर त्या दिवसांत वीज आणि खाद्य दोन्हींचा भरवसा नसतो.