सव्वाअकराचा कवडसा

ज्या दिग्दर्शकांचे चित्रपट पाहून मी लग्नसमारंभांची व्यक्तिचित्रे काढणे सोडले, त्यांच्याकडेच स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रीकरणाआधी प्रत्येक शॉटच्या चित्रचौकटी, काढण्याचे काम मला चोविसाव्या वर्षी मिळाले. त्यांचे नाव येथे देत नाही. सर एवढेच पुरे. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर चौदा चौकटी मांडल्या. कोळशाने काढलेल्या, सावल्या घोटून घोटून केलेल्या. त्यांनी प्रत्येक चौकट मन लावून पाहिली आणि विचारले, “हे बघणारा माणूस उभा कुठे आहे?”

“दारात.”

“माजघर केवढं आहे? लेन्स कुठली?”

मला सांगता येईना. पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या ज्या वाड्यात चित्रीकरण होणार होते, त्याचे माजघर दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब होते. दारातून पन्नास मिलिमीटरची लेन्स लावली असती, तर मी काढलेले निम्मे माजघर चौकटीबाहेर गेले असते. अठराची लावली असती, तर दाराजवळ बसलेल्या, चित्रपटातल्या आजीचा चेहरा ताणला गेला असता. चौदापैकी अकरा चौकटी बाजूला काढून सरांनी माझ्या हातात मोजमापाचा टेप ठेवला आणि वाड्यात रोज सकाळी दोन तास काहीही न काढता बसायला सांगितले.

चित्रकार आणि चित्रपट यांचे नाते कोल्हापूरकडच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले आणि १९२९ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी करणारे दामले, फत्तेलाल आणि शांतारामबापू त्यांच्याच तालमीत तयार झाले होते. सर मात्र बाबूरावांच्या रंगांविषयी फारसे बोलत नसत. साथीदार आनंदराव पेंटर १९१६ मध्ये वारल्यावर बाबूरावांनी जिद्दीने पुरा केलेला, घरीच बनवलेला कॅमेरा, हा त्यांचा आवडता विषय होता. पेन्सिल धरणाऱ्याला यंत्र कळले पाहिजे, हा त्यातला टोला माझ्यासाठी असे, हे मला पुढे कळले.

माजघराच्या छपरात एक काचेचे कौल होते. त्यातून सकाळी उतरणारा कवडसा जमिनीवरून मिनिटाला जवळजवळ इंचभर सरकत असे. मी अठरा जानेवारीला त्याचा तक्ता केला. मधल्या खांबापासूनचे अंतर दर पाच मिनिटांनी मोजले. सव्वाअकरा ते साडेअकरा या वेळात तो नेमका त्या जागी असे, जिथे आजीची लोखंडी ट्रंक ठेवायची होती. ट्रंक उघडणाऱ्या हातांवर ऊन पडलेली चौकट मी त्याच रात्री काढली. ती सरांना दाखवली, तेव्हा त्यांनी तक्ता मागून घेतला, वाचला आणि विचारले, “तारीख घातलीस ना?” मी कोपऱ्यात लिहिलेली तारीख दाखवली. टापटिपीबद्दल ही शाबासकीच मिळाली, असे मला वाटले.

चित्रीकरण नऊ फेब्रुवारीला होते. प्रमुख सहायकाने त्या दिवशी सकाळी अंगणातले दृश्य आणि जेवणानंतर माजघर असा क्रम लावला होता. सरांनी तो माझ्या तक्त्यावरून उलटा केला, म्हणजे अंगणातले दृश्य भर दुपारच्या उन्हात गेले आणि सहायक माझ्याशी बोलेनासा झाला. त्याचा राग अगदीच अनाठायी नव्हता. गॅफरने, म्हणजे दिव्यांच्या प्रमुखाने, परांची बांधून कौलावर दिवा मारण्याचा पर्याय दिला होता. पण जवळच्या दिव्याचा झोत खाली येताना फाकतो आणि धुरात ते लगेच उघडे पडते. सूर्य इतका लांब असतो की त्याच्या झोताच्या कडा जवळजवळ समांतर उतरतात. सरांनी दिवा नको म्हटल्यावर मला मनातून आनंद झाला, हे कबूल करते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सगळे तयार होते. सव्वाअकराला कवडसा आला आणि ट्रंकेपासून चांगला दोन फूट अलीकडे, दाराच्या बाजूला, रिकाम्या सारवलेल्या जमिनीवर पडला.

मी तक्ता पाहिला, घड्याळ पाहिले, पुन्हा तक्ता पाहिला. वेळ बरोबर होती, खांबापासूनचे मापही बरोबर होते. फक्त मधल्या तीन आठवड्यांत सूर्य सहा अंश उत्तरेकडे सरकला होता आणि तेरा फूट उंचीच्या छपराखाली त्याचे दोन फूट झाले होते. हा हिशेब मी त्या संध्याकाळी शिडी लावून कौलाची उंची मोजल्यावर केला. त्या क्षणी मला काहीच सुचत नव्हते. ट्रंक हलवता येत नव्हती, कारण आदल्या दिवशीच्या तीन शॉटमध्ये ती त्याच जागी दिसली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या घरमालकीण काकू शांतपणे म्हणाल्या, “रथसप्तमी झाली की ऊन दाराकडं सरकतंय की. मला इचारायचं न्हाई व्हय?” आमच्या धंद्यात घरमालकाला भाड्याची रक्कम आणि संडासाची किल्ली यांपलीकडे कोणी काही विचारत नाही.

सर कोणालाही काही बोलले नाहीत. त्यांनी कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला, रिकाम्या जमिनीवरचा कवडसा पुढे धूसर राहू दिला आणि मागच्या अंधारात आजीला ट्रंक उघडायला सांगितले. एकच टेक, जेमतेम चार मिनिटांचा. तेवढ्यात कवडसा चार बोटे सरकला. आजीचे हात नीट दिसत नव्हते. ट्रंकेच्या कडीचा आवाज तेवढा येत होता.

निर्मितीच्या माणसाने नंतर मला बाजूला घेऊन, तुझ्या चित्रापायी दुपारचे दोन तास गेले, असे सुनावले. ते खरे होते. तो शॉट माझ्या चौकटीपेक्षा चांगला होता, हेही खरे, आणि त्याचे श्रेय माझे नाही हे मला पक्के ठाऊक आहे. मात्र एक गोष्ट मला अजून सोडत नाही. चाळीस वर्षे ऊन पाहून चित्रीकरण करणाऱ्या माणसाला तीन आठवड्यांत कवडसा कुठे जाईल, हे माहीत नसेल? आणि माहीत असेल, तर पंचावन्न माणसांचा दिवस त्यांनी माझ्या शिकवणीसाठी वापरला का? एखादा लाइटमन असा चुकला असता, तर त्याला एवढी मुभा मिळाली असती, असे मला वाटत नाही.

संकलन चालू असताना, चहाच्या वेळी मी धीर करून विचारले, “सर, तुम्हाला आधीच माहीत होतं ना?”

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, “तारीख तूच लिहिली होतीस ना?”